शमूची कबर

माझगाव सोडलं त्या दिवशी टेम्पोत सगळं सामान चढलं आणि आई गायब. पप्पा घड्याळ बघत चिडले होते. ती कुठे असणार ते मला ठाऊक होतं. दफनभूमीत शमूच्या कबरीपाशी बसली होती. आपला धाकटा, नऊ वर्षांचा शमू काविळीने गेला, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी हात धरून उठवायला गेले तर म्हणाली, "पुनरुत्थानाच्या दिवशी तो इथेच उठेल गं. आपल्यातलं कुणीच दिसलं नाही तर घाबरेल ना पोर."

दादा, तू तेव्हा मस्कतला. इकडे भाईंदरला, नवघरच्या नव्या बिल्डिंगचे फोटो तुला धाडले. टँकरमागे हंडे घेऊन धावणाऱ्या आम्ही त्यात नव्हतो. शेजारच्या गुजराती भाभीशी मी दिवसभर हिंदीत बोलायला शिकले. आई कुठली शिकतेय! इथल्या चर्चमध्ये नाव घालायलाही ती तयार नव्हती. पाळक बिचारे दर रविवारी विचारायचे, "मावशी, माझगावच्या चर्चची नाव काढल्याची चिठ्ठी कधी आणताय?" ही नुसती हसायची. आपलं नाव तिकडे आहे तोवर शमूची जागा शाबूत, असं तिच्या डोक्यात बसलं होतं.

तिथली कबर कायमची नसते, हे तिला कुणी सांगितलंच नाही. काही वर्षांनी घरी नोटीस येते. घरचं कुणी तिथे पोचलं तर अस्थी हवाली करतात, नाहीतर सगळ्यांच्या एका विहिरीत टाकतात आणि जागा दुसऱ्याला देतात. आपली नोटीस जुन्या खोलीवर गेली असणार. चर्चमध्ये नवा पत्ता द्यायला पप्पा विसरले. विसरले म्हणे! मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

ब्याण्णवच्या ईस्टरला सकाळीच आई आणि मी फुलं घेऊन गेलो. शमूच्या जागी सिमेंटचा नवा क्रूस, त्यावर कुणा आजोबांचं नाव. मी ऑफिसात जाऊन अशी भांडले की बस्स. रखवालदाराने कोपऱ्यातली झाकण घातलेली विहीर दाखवली. मला वाटलं, आई आता कोसळणार. तिने फुलं त्या आजोबांना वाहिली आणि म्हणाली, "येशूच्या कबरीपाशी त्या बायकासुद्धा आजच्याच सकाळी आल्या होत्या. त्यांनाही कबर रिकामीच सापडली."

मला काही ते पटलं नाही. येशूला कुणी विहिरीत टाकलं नव्हतं. पण आईने त्याच दिवशी चिठ्ठी मागून घेतली आणि पुढच्या रविवारी भाईंदरच्या पाळकांच्या हातात दिली. मधला आठवडा तोंडात पदर कोंबून रडत होती, तेही सांगते.

गेल्या पावसाळ्यात तीही गेली. "मला इथेच ठेवा," म्हणाली. "पुढे काढतील तर काढू देत. देवाला सापडेन मी." खड्ड्यात पाणी भरलं होतं, बादल्यांनी उपसलं तरी पेटी चिखलातच टेकली. मी तिथे उभी राहून देवाला नको नको ते बोलले.

तू येतोयस, शमूची कबर बघायचीय म्हणतोस. नाही रे ती. आणि मला मस्कतला बोलावतोस, तेही जमायचं नाही. माझं घर आता हेच. उठेल तेव्हा आई चिखलाने माखलेली असेल. टॉवेल घेऊन कुणीतरी जवळ नको का?