चादरीआडचं मत

स्वतः हरल्यावर ज्याचा चेहरा खुलतो, असा माणूस सबंध सोलापुरात मी एकच पाहिला, आणि तो बावीस वर्षं माझ्या शेजारच्या वर्गात शिकवत होता. मी गणिताचा, ते इतिहासाचे. इतिहासाच्या पुस्तकाला मागे जोडलेलं नागरिकशास्त्र म्हणजे आम्हा बाकीच्यांच्या लेखी परीक्षेआधी वाचून काढायची चार पानं. सरांच्या लेखी तेच खरं पुस्तक, इतिहास ही त्याची लांबलेली प्रस्तावना. दहावीला त्याचा आठवड्यातून एकच तास, शनिवारी सकाळी. त्यासाठी ते शुक्रवारीच शर्टाला इस्त्री करून ठेवत.

कुठलाही निर्णय एकट्याने घ्यायचा म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. एकदा आम्ही शेअर रिक्षातून स्टेशनला निघालो होतो, तर यांनी कुठल्या रस्त्यानं जायचं यावर पाचही प्रवाशांना हात वर करायला लावले. रिक्षावाले चाचा वळून म्हणाले, "गाडी मेरी, पेट्रोल मेरा, और वोट सबका? ये क्या इन्साफ हुआ सर?" दुसरा कोणी ओशाळला असता. सर स्टेशन येईपर्यंत त्यांच्याशी हुज्जत घालत होते, आणि शनिवारी त्यांनी चाचांच्या प्रश्नावर पूर्ण तास घेतला: एके काळी जमीनजुमला असेल त्यालाच मत का होतं, आणि ते मोडायला लोकांना काय काय सोसावं लागलं. घरी संध्याकाळची भाजीसुद्धा मतदानानं ठरे. वहिनी मला हसत सांगायच्या, "घरात मतं दोनच. सारखी पडली की अध्यक्षाचं धरायचं असतंय म्हणे. अध्यक्ष मी हाय."

वर्गातलं मतदान मात्र गंभीर असे. टेबलावर दोन पत्र्याचे मग, आणि पुढं दोन मुलांनी धरलेली जुनी सोलापुरी चादर, म्हणजे कोण कुठल्या मगात टाकतोय ते दिसू नये. जुन्या ग्रीसमध्ये खडे टाकायचे, आपल्याकडच्या भिक्षूंच्या संघात काड्या उचलायचे, तर आपण चिंचोके टाकू, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या वर्षी त्यांनी मग एकच ठेवला होता आणि एका बाजूला चिंचोका, दुसऱ्या बाजूला भाजलेला शेंगदाणा ठरवला होता. पोरं एकेक करून चादरीआड गेली आणि तोंड पुसत बाहेर आली. शेंगदाण्याला एकही मत पडलं नाही. आम्ही स्टाफरूममध्ये पोट धरून हसलो, पण सर विचारात पडले होते. "चूक माझीच," ते म्हणाले. "भुकेल्या माणसापुढं खायचं ठेवून त्याचं मत मागायचं नसतं."

सरांच्या शेवटच्या वर्षी दहावीत विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी एक मुलगी होती. तिची आई विड्या वळायची. अथेन्सची सभा सर अगदी डोळ्यांपुढं उभी करत होते, तेवढ्यात ती उठली. "सर, माझी आई तितं कुटं बसली असती?"

"नसती बसली," सर म्हणाले. "बायकांना मत नव्हतं. गुलामांनाही नव्हतं."

"मग ते लोकांचं राज्य कसं?"

सर खुर्चीत बसले. बाविसातल्या एकाही वर्षी मी त्यांना वर्गात बसलेलं पाहिलं नव्हतं. पुढच्या शनिवारी त्यांनी सुरुवात केली ती तिच्या प्रश्नापासून, आणि मग दर शनिवारी तिथूनच करत राहिले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मुख्याध्यापिका बाईंनी ठरवलं की दहावीचं गणित कच्चं आहे, शनिवारचा तास मला द्यायचा. सर एवढंच म्हणाले, "तास पोरांचा आहे. त्यांना विचारा." बाईंनी मान डोलावली. मी गणिताच्या बाजूनं बोललो, आणि खोटं कशाला सांगू, पोरांना नापास होण्याची भीती घातली. सर त्यांच्या बाजूनं बोलले, पण जेमतेम दोन मिनिटं. चादर धरली गेली. गणिताला एकेचाळीस, नागरिकशास्त्राला सात. सरांनी दोनदा मोजलं, खडूनं फळ्यावर लिहिलं आणि म्हणाले, "निकाल मान्य." तेव्हाही चेहरा हसराच होता, पण पत्र्याचे मग उचलताना एक त्यांच्या हातून पडला.

व्हरांड्यात ती मुलगी आमच्यामागं धावत आली. "सर, मी गणिताला दिलं. मला पास व्हायचंय की." डोळे भरलेले. सर तिला म्हणाले, "मत कुणाला सांगायचं नसतं बाळ. मलाही नाही."

मला रात्रभर चैन पडलं नाही. सोमवारी मी त्यांना म्हणालो की दर महिन्याचा एक शनिवार तुम्ही गुपचूप घ्या, बाईंना कळणार नाही. बावीस वर्षांत ते माझ्यावर चिडले ते तेवढंच. "तुम्ही कोण देणारे? पोरांनी घेतलाय, पोरंच देतील." त्यानंतर दर शनिवारी ते माझ्या तासाला शेवटच्या बाकावर येऊन बसत आणि शंका असली तर हात वर करत. त्यांना शंका फार येत, त्यांचं गणित खरोखरच कच्चं होतं. पोरांनी तास परत दिला नाही. मे महिन्यात सर निवृत्त झाले, आणि जाताना दोन मग आणि चादर माझ्या कपाटात ठेवून गेले.

जूनमध्ये नवी दहावी आली. या पोरांना नववीत सरच होते. पहिल्या शनिवारी मी चादर बाहेर काढली आणि विचारलं, हा तास कशाचा? गणिताच्या बाजूनं बोलायला वर्गातला हुशार मुलगा उठला. दुसऱ्या बाजूनं मी बोललो. मला नागरिकशास्त्रातलं फारसं येत नाही, म्हणून विडी वळणाऱ्या एका बाईच्या मुलीनं काय विचारलं होतं तेवढंच सांगितलं, आणि तास मिळाला तर मीच वाचून शिकवीन, असं कबूल केलं. मतं मीही दोनदा मोजली.

संध्याकाळी सरांना फोन केला. "हरलो सर. चार मतांनी."

"चारच?" सर ओरडले. "गेल्या वर्षी चौतीसनं हरलो होतो! भाषण कुणी केलं?"

"मी."

मग त्यांनी हळूच विचारलं, "पुढच्या वर्षी करणार ना?"