बशीर मुकादमची करडी मशीन

२००४ साली दोह्याच्या सनाइयात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, एक बातमी फार चवीने फिरली. बशीर मुकादमने वर्कशॉपसाठी जी मशीन निवडली, ती मशीनकडे बघून नाही, मर्लिनबाईंकडे बघून! सांगणारे आवाज खाली आणून सांगत, आणि ऐकणाऱ्यांना ती आणखी दोघांच्या कानात घातल्याशिवाय घास गोड लागत नसे.

बरं, पुरावा नव्हता असंही नाही. एरवी ग्रीसचे डाग मिरवणारा बशीर दर गुरुवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घाली, कानामागे अत्तर लावी आणि सल्वा रोडवरच्या मशिनरीच्या शोरूममध्ये जाई. एक ते चार शोरूम बंद. आत फक्त ऑर्डरींचं टेबल सांभाळणाऱ्या वसईच्या मर्लिन डाबरे. समोरच्या कॅफेटेरियात करक, म्हणजे कडक दुधाचा, चहा पीत बसलेल्या, बशीरच्याच गावच्या महमूदने हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं, आणि महमूदच्या डोळ्यांपेक्षा त्याची जीभ जास्त चालायची.

बशीर दापोलीकडचा. अठरा वर्षं एकाच वर्कशॉपात, हाताने चालवायच्या, लोखंड कोरणाऱ्या एकाच मिलिंग मशीनवर. कटर बोथट झालाय हे त्याला आवाजावरून कळे. काम सगळं सुटं: आज लाँचच्या पंपाचा शाफ्ट, उद्या खडी फोडणाऱ्या मशीनचं कपलिंग, म्हणजे दोन फिरते दांडे जोडणारा जोड. एकसारख्या दोन वस्तू महिन्यात कधी केल्या असतील तर तो योगायोग.

मग अरबाबच्या, म्हणजे कतारी मालकाच्या, मनात आलं की आपल्याकडेही कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मिलिंग हवी. मॅनेजर ट्रेवर मुंबईचा, शिकलेला इंजिनियर, मनाने सरळ. त्याने बशीरला बोलावलं.

"बशीरभाई, मशीन आपण दोघांनी बघायची. पण चालवणार तुम्हीच. नाही जमलं तर चालवणारा दुसरा आणावा लागेल. आणि अरबाब म्हणतो, व्हिसा एकच आहे."

"जमेल की, साहेब. पुस्तक देतात ना सोबत? वाचून घेतो," बशीर म्हणाला. थाप होती ती.

कारण बशीरला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. मराठी झरझर वाची, घरच्यामुळे उर्दूही. पण इंग्रजीत त्याला फक्त स्वतःची सही येई, आणि ती इतकी झोकदार की अठरा वर्षांत कुणाला शंका आली नाही. आता घरी लेक निदाची बारावी तोंडावर, आणि इथे व्हिसा एकच.

पहिल्या गुरुवारी तो शोरूममध्ये गेला तेव्हा कॅटलॉगचं मजकुराचं पान उघडून वाचल्यासारखं करत उभा होता. मर्लिनबाई डबा खात होत्या. जेवायला अल नस्रला घरी जाऊन परत यायचा त्यांना कंटाळा, म्हणून दुपारी त्या तिथेच असत.

"पान उलटं धरलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. हिंदीत नाही, मराठीत.

बशीरचा चेहरा पडला. "बाई, कुणाला बोलू नका."

"मी कशाला बोलू? मला सांगा, पाहिजे काय?"

"जी मशीन चालवायची, तिचं पुस्तक समजायला पाहिजे. नाय तर घरी जायचं."

मर्लिनबाईंनी डब्याचं झाकण लावलं, कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं, चष्मा लावला. "बसा. आणि तो दरवाजा सताड उघडा ठेवा. एसी गेला तरी चालेल, लोकांना दिसूदे."

लोकांनी पाहिलं आणि हवा तो अर्थ काढला. दरवाजा उघडा म्हणजे किती बेडर बघा, असं महमूद म्हणाला. तो सुट्टीवर गावी गेला तेव्हा बातमी सामानासोबत गेली, आणि पुढच्या शुक्रवारी बशीरची बायको हजरा फोनवर आली.

"काय वो, तुमची नवी मशीन गोरी हाय की सावळी?"

"करडी हाय गो!"

"आणि अत्तर मशीनीला लावतास काय?"

बशीरने मग सगळं सांगितलं, व्हिसाचंही. हजरा म्हणाली, "त्या बाईला कुळथाचं पीठ आवडत असेल काय? महमूदकडूनच धाडते. बघूदे मेल्याला."

दोन मशीन चालवून बघायचा दिवस आला. अरबाब स्वतः हजर. मोठी मशीन चोवीस हत्यारं आपली आपण बदलणारी. शोरूमच्या इंजिनियरने बटण दाबलं आणि तिने ॲल्युमिनियमचा एक देखणा ससाणा कोरून दिला. अरबाब खूश. ट्रेवर तर मनातल्या मनात सही करून मोकळा.

बशीरने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला, तुटक्या कपलिंगचा शाबूत अर्धा भाग काढला. "आता ह्याचा जोडीदार करा."

"ड्रॉइंग द्या," इंजिनियर म्हणाला.

"ड्रॉइंग कुठलं? आमचं गिऱ्हाईक तुकडा घेऊन येतं."

इंजिनियर मापं घेऊन कॉम्प्युटरवर चित्र काढायला बसला. बशीर लहान, करड्या मशीनकडे वळला. तिला स्क्रीन होता आणि हाताने फिरवायची चाकंही होती. त्याने खिशातून मराठीत लिहिलेली शंभरपानी वही काढली, चाकं फिरवून टोक जुळवलं, खाच किती खोल आणि किती रुंद ते स्क्रीनला भरवलं आणि म्हणाला, "यल्ला, चल!" तासाभरात नवा अर्धा भाग जुन्यात चपखल बसला. इंजिनियरचं चित्र तेव्हा अर्धं झालं होतं.

ट्रेवरने वही बघितली. सगळं कळलं असावं. "बशीरभाई," तो हळूच म्हणाला, "मला आधी सांगायचं ना."

"शरम वाटली, साहेब."

अरबाबने ससाणा खिशात टाकला. "खलास. छोटा वाला."

बशीर त्या मशीनवर पुढे सात वर्षं राहिला. निदा शिकून मास्तरीण झाली. दर ईदला नमाज झाली की त्याचा पहिला फोन मर्लिनबाईंना, दुसरा हजराला, आणि हजराही आधी विचारी, "बाईंना केलास ना?" सनाइयातली मंडळी मात्र नेम कसा अचूक, पारख कशी पक्की, म्हणून बशीरची तारीफ करत, आणि मग डोळा मारत.

खरं एवढंच होतं. मर्लिनबाईंनी नऊ गुरुवार लहान मशीनचं पुस्तक बशीरला मराठीत वाचून दाखवलं. मोठ्या मशीनचं पुस्तक वाचायला वेळ उरला नव्हता.