मधली चिंधी

थळच्या कोळीवाड्यात धर्माइतका हट्टी माणूस शोधून सापडला नसता. स्वतःची होडी नाही, पण त्याच्या हातच्या चिंध्या बांधल्याशिवाय एकाही होडीचं जाळं पाण्यात पडायचं नाही. काम तसं साधं. जाळं कुठे आहे ते वर तरंगणाऱ्या लाकडी बोयावरून कळतं, आणि बोया कुणाचा ते त्यावरच्या चिंध्यांवरून. होड्या वीस, रंग चार: काळा, तांबडा, पिवळा, पांढरा. दोन-दोन चिंध्या बांधल्या तर सोळाच घरं भागतात. मग उरलेल्या चौघांनी काय धर्माच्या तोंडाकडे बघत बसायचं? म्हणून त्याच्या बापाने तीन-तीन बांधायची रीत घातली, वरून खाली वाचायची. तिनाच्या खुणा होतात चौसष्ट. मग कुणाला दोन, कुणाला चारसुद्धा मिळाल्या. तीन खुणा मात्र कुणालाच नाहीत. त्यातली दिसली की समजायचं, जाळी संपली, पुढे खडक आहे, वळा.

काळूरामची खूण काळी-तांबडी-काळी. १९४९ च्या माघात त्याचा बोया फुटला, म्हणून धर्मा स्वतः जाऊन नवा लावून आला. आणि मधली चिंधी चुकून पिवळी बांधली. का, ते त्यालाही कधी कळलं नाही; तांबडी मांडीशेजारीच पडलेली होती. सकाळच्या धुक्यात काळूराम एकटाच आला असणार, ते जाळं दुसऱ्याचं समजून आपलं शोधत पुढे गेला असणार. होडीच्या फळ्या खांदेरी बेटाच्या खडकांवर मिळाल्या. धर्माने तो बोया गुपचूप काढून आणला, घरच्या माळ्यावर दडवला आणि तोंड शिवून बसला.

बुडालेल्याची खूण कुणाला द्यायची नाही, अशी रीत. काळूरामच्या मुलाला, सदाला, त्याने नवी खूण दिली. पण मन खात होतंच. म्हणून एकुलती एक सगुणा वयात आली तेव्हा चांगली चालून आलेली स्थळं परतवून त्याने ती सदाला दिली. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. त्याला वाटलं, फेड झाली.

कसली फेड आणि कसलं काय. सगुणाचा पहिला मुलगा हातपाय दुखून दुखून चार वर्षांचा होऊन गेला, दुसरा तिसऱ्या वर्षी. दोघांचेही डोळे पिवळे. ते पाहून धर्माला ती पिवळी चिंधी आठवायची आणि वाटायचं, काळूराम सूड घेतोय. पोरगा गेला की तो माळ्यावर चढायचा आणि बोयाला हात लावायचा. भर वैशाखात, कौलं तापलेली असताना, बोया ओला असायचा. एकदा त्याने बोट जिभेला लावून पाहिलं. खारट होतं.

आता उरली होती केसर, आठ वर्षांची. १९६७ साली तिचेही पाय दुखू लागले, आणि धर्माने देवापुढे बसणंच सोडून दिलं. त्याच सुमारास चौलच्या अतिया डॉक्टरीणबाई मुंबईहून रक्त तपासायला आल्या. त्यांनी साऱ्या घराचं रक्त नेलं, धर्माचं आणि सदाच्या आईचंसुद्धा. महिन्याने एका दुपारी त्या निकाल घेऊन ओट्यावर येऊन बसल्या. धर्मा चिंध्या फाडत होता.

"काका, रक्तात मण्यांची एक माळ असते म्हणा. मणी वीस प्रकारचे. कुठल्या मण्यामागे कुठला ओवायचा ते शरीरात आधीच लिहिलेलं असतं. अक्षरं मात्र चारच."

धर्माचा हात थांबला. "चार, आन इसांना पुरवायची?"

"हो. दोन-दोन घेतली तर..."

"सोळाच व्हतील. तीन घेयाला लागतील," धर्मा म्हणाला. "एकेका मन्याला जास्ती खुना आसतील. आन तीन खुना कुनाच्याच न्हाय. थांबायच्या."

अतियाबाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. शिकल्यासवरल्या लोकांनासुद्धा हे कोडं सुटून चार दिवस झाले नव्हते, आणि या गड्याला सही करता येत नव्हती.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बापानं."

बाईंनी पदर सावरला. "तुमच्या घरात एका ठिकाणी तिनातलं एक अक्षर बदललंय."

"मधला," धर्मा म्हणाला.

बाईंनी होकाराची मान हलवली. मग हळू आवाजात सांगितलं, की त्यामुळे एक मणी भलताच येतो, रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकून बसतात.

"माज्याच हातानं झाला त्यो."

"नाही काका. हे जन्माबरोबर येतं. प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक चुकीची असली तरी माणूस धड राहतो, तुमच्यासारखा. दोन्ही चुकीच्या आल्या तरच असं होतं. सगुणाला एक तुमच्याकडून आली."

"आन सदाला?"

"त्याच्या आईकडे नाही. म्हणजे वडलांकडून."

काळूरामने काही सूड उगवला नव्हता. धर्माने ज्या लग्नाने फेड केली, त्याच लग्नाने दोन चुकीच्या प्रती एका घरात आणल्या होत्या. परतवलेल्या स्थळांपैकी कुठेही सगुणा दिली असती, तर तिचे दोघे मुलगे बहुतेक आज वाळूत हुंदडत असते. शाप असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

बाईंनी पुढे सांगितलं, "केसरकडे चुकीची एकच आहे. पाय दुखतात ते वाढीचे. ती जगेल." दाराआड उभी असलेली सगुणा तोंडात पदर कोंबून रडली.

बाई गेल्या. धर्मा वळला तर केसर त्याच्या सामानात बसली होती, पुढ्यात दोन नवे कोरे बोये. एकावर काळी-तांबडी-काळी. अठरा वर्षांत ती खूण कोळीवाड्यात कुणी बांधली नव्हती. दुसऱ्यावर काळी-पिवळी-काळी.

"कुनी शिकवला गो?"

"कोनी न्हाय. हाताला येतं."

त्याने बोये उचलले. दोन्ही ओले होते.

"दोन्ही माजेच हायत," केसर म्हणाली.

धर्माने माळ्यावर दडवलेला काळूरामचा बोया खाली आणला, आणि सदाला हाक मारून समोर बसवलं.