काचेमागचे हणमंतराव

हणमंतराव गेल्याची बातमी मला तीन तास उशिरा कळली. कतारमधल्या मेसईदच्या आमच्या प्लांटमध्ये आत जाताना मोबाइल लॉकरात ठेवावा लागतो. त्या मंगळवारी सकाळी मी एका पंपाच्या बेअरिंगला लोखंडी सळई टेकवून, तिचं दुसरं टोक कानाशी धरून उभा होतो. आतला बिघाड ओळखायला कंपनीने चांगली महागडी उपकरणं दिलेली आहेत, पण माझा विश्वास अजून सळईवरच. बाहेर येऊन लॉकर उघडलं तर कोरेगावहून सात मिस्ड कॉल आणि त्यांच्या सुनेचा, सुषमाचा, एका ओळीचा मेसेज... आण्णा पहाटे गेले. मी तो वाचला, फोन खिशात टाकला आणि कॅन्टीनच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. भूक नव्हती, पण ती वेळ रांगेची होती. एकवीस वर्षांत इथे अशा बातम्या इतक्यांदा आल्यात की शरीर आपापलं काम करत राहतं. रडू मागाहून केव्हातरी, भलत्याच वेळी येतं. यावेळी ते अजून नीट आलेलं नाही, आणि त्याचं कारण सांगण्यासाठीच हे लिहायला बसलोय.

हणमंतराव यादव लष्करात आर्मरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि रय्यानच्या पलीकडच्या एका शूटिंग क्लबच्या शस्त्रागारात नोकरीला लागले. राहायला मुऐदरला, क्लबच्याच व्हिलात, चौघांत एक खोली. आमची ओळख इथल्या मराठी मंडळींच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात झाली. व्यासपीठावर कुणीतरी गात होतं आणि छताजवळचा पंखा घरघरत होता. मी वैतागून वर पाहिलं, तर पुढच्या रांगेतला एक मिशीवाला गृहस्थही वरच बघत होता. मागे वळून मला म्हणाला, "बेरिंग गेलंया. आठ दिस न्हाई काढायचं." मी म्हणालो, "चारसुद्धा नाही." पंखा सहाव्या दिवशी बंद पडला. हे त्यांनी हॉलच्या वॉचमनकडून काढून घेतलं आणि मला मुद्दाम फोन करून कळवलं. चुकलो मीच होतो, म्हणून पुढच्या शुक्रवारी त्यांना फरीज बिन ओमरानला आमच्या घरी जेवायला बोलावलं. ते जेवण पुढे सात वर्षं चाललं. दर शुक्रवारी, दोन बसा बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि माझ्या बायकोने, मेधाने, किती आग्रह केला तरी तिसरी पोळी घ्यायचे नाहीत.

शनिवारी मी त्यांच्याबरोबर रेंजवर जायचो. मला नेमबाजीत गम्य नाही, बंदूक मी आयुष्यात हातात धरलेली नाही. पण मशीन ऐकायला मिळायचं. क्लबच्या स्पर्धेच्या संघातली नूरा नावाची एक कतारी मुलगी कार्बाइन चालवायची. कार्बाइन म्हणजे पिस्तुलाचं काडतूस वापरणारी आखूड रायफल; स्पर्धेत पळत, वळत, एकामागून एक निशाणं टिपायची असतात आणि सगळा खेळ सेकंदाच्या तुकड्यांचा. प्रत्येक गोळीबरोबर आतला लोखंडी ठोकळा मागे जातो, मागची स्प्रिंग त्याला पुढे ढकलते. स्प्रिंग आणि ठोकळ्यामागचं वजन यांचं जमलं नाही की बंदूक खांद्यावर आदळते, नाहीतर आळसावते, नाहीतर मध्येच अडकते. ते जमवणं हे हणमंतरावांचं काम. गंमत अशी की क्लबच्या नियमाप्रमाणे शस्त्रागारातल्या माणसाला स्वतः गोळी झाडायची परवानगी नव्हती. नूरा झाडणार आणि हे काचेमागे उभे राहून ऐकणार. नऊ वर्षं त्या माणसाने त्या बंदुका अशा परक्या खांद्यावरच्या ऐकून जुळवल्या. "बायकूनं केलेली भाजी वासावरनं वळखायची, तसं हाय ह्ये," म्हणायचे.

त्यांची एक रीत मला फार आवडायची. नूराच्या उजव्या बाजूला ते जुनी चादर अंथरायचे. उडालेल्या रिकाम्या पुंगळ्या तिच्यावर पडायच्या, आणि दहा गोळ्या झाल्या की हे चवड्यांवर बसून त्या कुठे पडल्यात ते बघायचे. फार पुढे पडल्या तर ठोकळा घाईत आहे, मागे आणि जवळ पडल्या तर मरगळलाय. मग आत जाऊन वजन थोडं बदलायचे, परत दहा गोळ्या. तेलाच्या बाबतीत तर कंजूष. इथली धूळ तेलात मिसळली की पीठ मळल्यासारखा लगदा होतो, म्हणून "तेल कमी, पुसणं जास्त" हा त्यांचा मंत्र, आणि नवीन कुणी तेलाची बाटली उलटी धरली की ते अरबी, हिंदी आणि सातारी अशा तिन्ही भाषांत ओरडायचे. त्यांची निवृत्तीची गोष्ट काढली की चिडायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात नोकरीला आणि शनिवार-रविवारी घरी, गावी सून आणि नातू. "गावाकडं जाऊन काय करू? म्हशीचा ट्रिगर ॲडजस्ट करू?" त्या काचेमागच्या जागेखेरीज त्यांना दुसरं काही नको होतं, हे मला पक्कं माहीत होतं.

शेवटच्या वर्षी ते काचेला तळहात लावून उभे राहू लागले. मला वाटलं वय झालं, टेकायला लागतं. घरी टीव्हीचा आवाज वाढवायला सांगायचे, माझ्या मुलीने काही विचारलं तर नुसते हसायचे. इंग्रजीत बोलते म्हणून कळत नसेल, असं मी माझं समाधान करून घेतलं. आवाजावर पोट भरणारा मी माणूस... आणि समोरच्याला ऐकू येत नाहीये हे मला वर्षभर कळलं नाही. किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

मग तो शनिवार आला. नूरा भराभर गोळ्या झाडत होती. मध्येच एक आवाज वेगळा आला, बाटलीचं बूच निघावं तसा, पोकळ. दारू कमी भरलेलं काडतूस असलं की गोळी नळीतच अडकते. त्यामागून दुसरी झाडली तर नळी फुटते, आणि झाडणाऱ्याचा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो. नेमबाजाच्या हाताला मात्र सवय अशी लागलेली असते की बंदूक थांबली की दांडी ओढायची आणि पुन्हा चाप. अशा वेळी लाल दिव्याचं बटण दाबायचं काम काचेमागच्या माणसाचं. बटण हणमंतरावांच्या हाताखाली होतं आणि ते चादरीकडे बघत होते. नूराने दांडी ओढलीसुद्धा. मी त्यांच्या अंगावरून झेपावलो आणि बटण दाबलं. दिवा लागला, तिने चापावरचं बोट काढलं. हणमंतरावांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दिव्याकडे, आणि मग त्यांचा चेहरा असा उतरला की मी नजर वळवली. आत जाऊन त्यांनी पितळी सळईने अडकलेली गोळी बाहेर काढली. नूरा "शुक्रन, शुक्रन" करत माझे आभार मानत राहिली आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

रात्रभर विचार केला. त्यांच्याशी बोललो तर ते विनवतील, आणि त्यांनी विनवलं तर मी विरघळेन, हे मला ठाऊक होतं. विरघळलो आणि उद्या त्या मुलीचे डोळे गेले तर? दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून मी मेसईदहून थेट क्लबचे मॅनेजर युसुफसाहेब यांच्याकडे गेलो. हणमंतरावांना न सांगता. युसुफसाहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "मिस्टर यादव सकाळी सातलाच येऊन गेले. स्वतः सगळं सांगितलं. राजीनामा लिहून आणतो म्हणाले." बाहेर पडलो तर व्हरांड्यात हणमंतराव, हातात तो कागद. मी त्या दारातून बाहेर येताना त्यांनी पाहिलं. काय झालंय ते त्यांना कळलं आणि त्यांना कळलंय हे मला कळलं. ते म्हणाले, "आलाच हाय तर चहा घ्या." आम्ही पॅन्ट्रीत उभ्याउभ्या चहा घेतला आणि उन्हाळा यंदा लवकर सुरू झाला यावर बोललो.

माझं जाणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. पण त्यांना न विचारता जाणं... ती चूक होती. सात वर्षं ज्याला आपल्या ताटात वाढलं तो एका मुलीच्या जिवापेक्षा स्वतःची नोकरी मोठी धरेल असं मी मानलं. मी त्यांना एका रात्रीची मुदत दिली नाही, आणि त्यांना ती लागलीही नव्हती. महिनाभराने मीच त्यांना विमानतळावर सोडलं. वाटेत चारदा बोलायला तोंड उघडलं. गाडीत त्यांना काही ऐकू येत नव्हतं आणि विमानतळावर माणसं फार होती. "शुक्रवारी फोन करत जावा," एवढं म्हणून ते आत गेले.

फोन केले. दर शुक्रवारी. पण बहिऱ्या माणसाशी फोनवर बोलायचं म्हणजे ओरडायचं. "पाऊस पडला का?" हेसुद्धा मी बेंबीच्या देठापासून विचारायचो. मेधा म्हणायची, "अहो, खालचे लोक वर येतील." मुलगी खोलीतून डोकं बाहेर काढून, "बाबा, व्हाय आर यू येलिंग ॲट हिम?" माफी कशी मागणार? माफी ही हळू आवाजात मागायची गोष्ट, ती ओरडून मागायची म्हणजे भांडणच वाटतं. लिहून पाठवावी तर त्यांचे मेसेज आधी सूनच उघडते, हे मला माहीत होतं. तिच्यासमोर हा विषय कशाला, असं म्हणत म्हणत आठ महिने गेले. थकव्याचं नाव पुढे केलं की काहीही पुढे ढकलता येतं. परदेशात एवढं एक शिकलो.

शेवटी एका शुक्रवारी दुपारी, नमाजाच्या वेळी दुकानं बंद आणि रस्ता ओस असताना, मी खाली जाऊन गाडीत बसलो. काचा वर केल्या, फोन लावला आणि ओरडलो, "हणमंतराव, मी तुम्हाला न विचारता युसुफसाहेबांकडे गेलो! विचारायला हवं होतं! चुकलं माझं! माफ करा मला!" समोरच्या सावलीत टेकलेला एक ड्रायव्हर दचकून बघू लागला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग हणमंतरावांचा आवाज आला, नेहमीसारखा खणखणीत. "पाटणकर, त्या नूराताईंच्या कार्बाइनची स्प्रिंग आता बदलाय सांगा. माझ्या हिशेबानं ह्या सीझनला तिचं खलास झालं आसंल." झालं. ऐकूच गेलं नाही तर. मला परत ओरडायचं बळ नव्हतं. "बरं, सांगतो," म्हणालो आणि वर येऊन जेवलो. स्प्रिंगचं कुणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर थोडा रागच आला होता. त्यानंतर तीन शुक्रवार झाले, आणि मग तो मंगळवार.

तेराव्यानंतर सुषमाशी बोललो. ती रडत नव्हती, दमलेली होती, माझ्यासारखीच. बोलता बोलता म्हणाली, "आण्णांना शेवटी शेवटी काईच ऐकू येत न्हवतं वो. तुमचा फोन आला की म्हनायचे, स्पीकर लाव आनि तू वहीत लिव्ह. म्या लिवायची, ते वाचून बोलायचे. तुमाला कळू द्यायचं न्हाई म्हनायचे, न्हाईतर फोन बंद करतील."

"तो माफीचा फोन..." एवढंच मी विचारलं.

"त्येबी लिवलंय की. सगळं. आण्णांनी दोनदा वाचलं. मला म्हनले, ह्याला काय सांगू गं आता? म्या म्हनलं, कायतरी बोला आण्णा, ते वाट बघत्यात. मग त्ये बंदुकीचं बोलले."

"आणि नंतर? फोन ठेवल्यावर काही म्हणाले?"

"न्हाई. स्प्रिंगचं सांगतील न्हवं ते, एवढंच इचारलं. पुढच्या शुक्रवारीबी इचारलं. तुमी काय बोलला न्हाई, मग गप बसले."

त्या शनिवारी मी रेंजवर गेलो. हणमंतरावांच्या जागी आता केरळचा जोसेफ आहे, चांगला कारागीर आहे. स्प्रिंग बदलायचं म्हटलं तर म्हणाला, ठीक चाललीय, सीझननंतर बघू. नूराने विचारलं, "बदला असं म्हणतंय कोण?" मी म्हणालो, "मिस्टर यादव." ते गेल्याचं तिला कळलं होतं. तिने कार्बाइन टेबलावर ठेवली. जोसेफने स्प्रिंग काढून नव्या स्प्रिंगशेजारी ठेवली. जुनी दबून दबून नवीपेक्षा बोटाच्या पेराएवढी आखूड भरली. कोरेगावात घराच्या ओट्यावर बसून, एकही आवाज ऐकू येत नसताना, सामन्यांचे दिवस मोजून त्या माणसाने ते ओळखलं होतं. मला माफ केलं की नाही हे त्यात होतं का, ते मी ठरवू शकलेलो नाही. काम मात्र माझ्यावर सोपवलं होतं आणि ते मी दीड महिना तसंच पडू दिलं.

जोसेफ जुनी स्प्रिंग टाकून देणार होता, ती मी मागून घेतली. गाडीत गिअरपाशी ठेवलीय, वळणावर किणकिणते. शुक्रवारी जेवायच्या आधी मी अजूनही खाली जाऊन गाडीत बसतो, काचा वर करतो. मेधा खिडकीतून बघते, पण हाक मारत नाही. आता ओरडावं लागत नाही, जे सांगायचं होतं तेच मी हणमंतरावांना साध्या आवाजात सांगतो.