आधीच पाहिलेला आकडा

प्रयोगशाळेतला एक खांब किती भाराला मोडेल, हे तो मोडण्यापूर्वी मी अचूक सांगितले म्हणून नव्वदच्या दशकात माझे पुष्कळ कौतुक झाले. ते मी पुढे कित्येक वर्षे मुकाट्याने स्वीकारत आलो. खरी गोष्ट अशी की तो आकडा मी गणिताने काढलेला नव्हता. तो मी पाहिलेला होता.

तेव्हा मी नवी मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात नवखा व्याख्याता होतो. खाडीच्या खाऱ्या हवेने इथल्या फारशा जुन्या नसलेल्या इमारतींचेही खांब फुटू लागले होते. आतल्या सळया गंजून फुगत आणि वरचे काँक्रीट ढलप्यांनी गळून पडे. अशा खांबाभोवती पोलादी तंतू मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मॉर्टरचे आवरण चढवले तर त्याची ताकद किती वाढेल, हे संगणकावर मांडून पाहण्याचे काम विभागप्रमुखांनी दोघांवर सोपवले होते. एक मी, आणि दुसऱ्या माझ्या समवयस्क सहकारी, ज्यांचा पदव्युत्तर प्रबंधच या विषयावर होता. त्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुसलमान कुटुंबातल्या. आम्ही एकमेकांना सर आणि मॅडम म्हणत असू.

आमच्यातला फरक एका थराचा होता. मी जुने काँक्रीट आणि नवे आवरण एकजीव धरले होते. संगणकाला ते सोपे जाई. बाईंनी दोहोंच्या मध्ये एक पातळ थर घातला होता, भार वाढला की घसरू शकणारा. त्या थरापायी त्यांचे गणित वारंवार अडे. संगणक तासन्‌तास चाले आणि शेवटी उत्तर न देताच थांबे. त्या पुन्हा सुरुवात करीत. जुईनगरच्या एका इमारतीत खांबांची दुरुस्ती चालली होती. तिथे जाऊन त्या नव्या आवरणावर हातोडी ठोकून कुठे भरीव वाजते, कुठे पोकळ, ते ऐकत.

"कशाला एवढा त्रास, मॅडम? चिकटलंय असं धरा आणि मोकळ्या व्हा."

"तुमच्या संगणकात चिकटलंय हो, सर. जुईनगरच्या खांबाला तुमचं मॉडेल कुठे माहितीय!"

विभागप्रमुखांचा दंडक होता की खांब भार देणाऱ्या यंत्रात चढवण्यापूर्वी ज्याने त्याने आपला आकडा सर्वांसमोर बोलून दाखवायचा. चाचणीसाठी एकाच वेळी ओतलेले, आवरण चढवलेले, एकसारखे दोन खांब तयार होते. बाई ईदसाठी गावी गेल्या असताना, यंत्र तपासायचे म्हणून मी त्यांतला एक चढवला. तपासणीपुरता थोडाच भार द्यायचा होता. मी थांबलो नाही. खांब मोडला, आणि यंत्रावरचा भाराचा काटा कुठवर गेला ते मी पाहिले. माझ्या मॉडेलच्या उत्तरापेक्षा तो आकडा बराच खाली होता.

खांब चुकून फुटला, असे मी सर्वांना सांगितले. परतल्यावर बाईंनी विचारले, "काटा कुठवर गेला होता?"

"लक्षच नव्हतं. एकदम फुटला."

"जाऊ द्या, टेन्शन नका घेऊ. दुसरा आहे ना," म्हणून त्यांनीच माझी समजूत घातली.

मग मी माझ्या मॉडेलमध्ये तंतूंची ताकद थोडी थोडी कमी करत गेलो, संगणक मला हवा तो आकडा देईपर्यंत.

चाचणीच्या दिवशी मी तो बोलून दाखवला. बाईंचा आकडा त्याहून कमी होता. त्यांनी न विचारता आणखी एक सांगितले, "आवरण खालच्या कोपऱ्यात आधी सुटेल." खांब माझ्या आकड्याशी मोडला. टाळ्या वाजल्या. सगळे काट्याकडे पाहत असताना खाली वाकून पाहिले ते आम्ही दोघांनीच. आवरण खालच्या कोपऱ्यातच सुटले होते. माझ्या मॉडेलमध्ये ते कुठेच सुटू शकत नव्हते.

"अगं, तो थर काढून टाक आता," विभागप्रमुख त्यांना म्हणाले. "यांचं मॉडेल घे आणि प्रबंध संपव."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी गप्प राहिलो.

त्यांनी माझे मॉडेल घेतले. त्यातली माझी एक ढोबळ चूकही कुठे वाच्यता न करता दुरुस्त केली. पदवी हाती येताच मात्र तो थर त्यांनी पुन्हा मांडायला घेतला. कोणी सांगितले नव्हते, कोणी विचारतही नव्हते. एवढी चिकाटी आणि एवढे निर्मळ मन मी एका माणसात फार क्वचित पाहिले आहे. त्यांच्यासमोर मला नेहमी थोडे अवघडल्यासारखे होई, आणि त्याचे कारण मी स्वतःलाही नीट सांगत नसे.

आता त्या खारघरच्या एका महाविद्यालयात शिकवतात. गेल्या वर्षी त्यांनी मला व्याख्यानाला बोलावले आणि वर्गाला माझी ओळख करून दिली.

"हे सर. माझं मॉडेल चुकलं तेव्हा यांचं अगदी बरोबर आलं होतं. कसं, ते मला अजून कळलेलं नाही. इतकी वर्षं मी माझ्या थरात चूक शोधतेय."

मुले हसली. बाईही हसल्या. माझ्याने बसवेना.

"माझं मॉडेल बरोबर नव्हतंच, मॅडम," मी उभा राहून म्हणालो. "तो आकडा मी आधीच पाहिला होता. तुम्ही गावी गेला होतात तेव्हा मी खांब मोडला, काटा पाहिला आणि तुमच्याशी खोटं बोललो. तुम्हाला थर काढायला सांगितलं, तेव्हाही गप्प बसलो. खांब कसा मोडेल ते फक्त तुम्हाला कळलं होतं, हे मी त्याच दिवशी पाहिलं होतं. माझ्यामुळे तुम्ही इतकी वर्षं नसलेली चूक शोधत राहिलात. मला माफ करा."