डेलियाचं कुंपण

अंथरुणाला खिळलेल्या आईला होड्या दिसाव्यात म्हणून आमच्या शेजारच्या डेलियाने ऑक्टोबरमध्ये बागेचं समुद्राकडचं झुडपांचं उंच कुंपण कमरेपर्यंत छाटलं. नोव्हेंबरच्या पहिल्याच वादळात खारा वारा थेट आत शिरला आणि मागच्या घरातल्या म्हाताऱ्या फेस्टीचा सगळा कोबी काळा पडला. तो काहीच बोलला नाही. डेलियाला तेच सोसेना. ती किनाऱ्यावरचं शेवाळ आणून गुपचूप त्याच्या वाफ्यांत खत म्हणून पसरू लागली.

एका पहाटे त्याने पकडलंच. "काय गं, लोक चोरून कोबी नेतात, तू चोरून खत आणतेस?"

"फेस्टीकाका, कुंपण पुन्हा वाढवते."

"आईला होड्या दिसतात ना?"

"दिसतात."

"मग राहू दे. मला कुठे आवडतो कोबी!"

डेलिया रडतच घरी आली. त्याच्या घरात रोज शिजणाऱ्या कोबीचा वास ती लहानपणापासून ओळखत होती.