शेजारी बसलेली बाई

अपघात विभागात सव्वीस वर्षं काढलेल्या त्या सिस्टरना सगळे ‘बोलक्या सिस्टर’ म्हणत. घरी मात्र त्यांच्या तोंडात मिठाची गुळणी. “सगळं बोलणं दवाखान्यात संपवून येते,” असं त्यांचे यजमान पाहुण्यांना सांगत. ते खोटं नव्हतं. जखमी माणूस दारातून आत आला की सिस्टर आधी त्याला बोलतं करत. नाव नीट सांगितलं, म्हणजे श्वासाची वाट मोकळी आहे आणि डोकं ठिकाणावर आहे. मग छाती, नाडी, कुठून रक्त जातंय का. ओरडणाऱ्याकडे त्या जरा उशिराच जात. त्यांना धास्ती असायची ती गप्प बसलेल्यांची.

त्या दिवशी भर दुपारी गावाबाहेरच्या वळणावर बस उलटली. अर्ध्या तासात अकरा जण आले. कुणाचं मनगट मोडलेलं, कुणाच्या कपाळात काचा. एक तरणाताठा गडी पाय धरून बोंबलत होता. “एवढा आवाज निघतोय म्हणजे छाती ठणठणीत आहे तुझी,” सिस्टर त्याला म्हणाल्या. “आलेच मी.” आणि त्या कोपऱ्यातल्या बाकाकडे वळल्या.

तिथे पन्नाशीचा एक माणूस बसला होता. स्वतःच्या पायांनी चालत आलेला, अंगावर ओरखडा नाही. त्याने नाव व्यवस्थित सांगितलं.

“मला काही झालेलं नाही,” तो म्हणाला. “आधी या बाईंना बघा.”

त्याने शेजारी हात केला. शेजारी कुणीच नव्हतं.

सिस्टरनी त्याचं मनगट धरलं. हात गार, घामाने चिकट. नाडी एकशे तीस. नख दाबून सोडलं तर पांढरं ते पांढरंच राहिलं. “डॉक्टर, इकडे आधी,” त्यांनी हाक मारली.

त्याला उचलून खाटेवर घेतलं. मानेला पट्टा, नाकातोंडावर ऑक्सिजन, दोन्ही हातांत सुया. शर्ट कापला तेव्हा डाव्या बरगड्यांखाली काळानिळा डाग दिसला. डॉक्टरीणबाईंनी पोटावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. “आत रक्त साठलंय. थिएटरला कळवा.”

तो डोळे वळवून बाकाकडेच बघत होता. “त्यांना थंडी वाजतेय.”

“कुणाला?” सिस्टरनी विचारलं.

“हिरवा स्वेटर. एका पायात चप्पल नाही. त्या म्हणतात, पाणी कानाला लागलंय.”

“रक्त कमी पडलं की बरळतात माणसं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“हो, मॅडम.”

सिस्टरना ते ठाऊक होतं. अशा वेळी मेलेल्या आईशी बोलणारे त्यांनी कितीतरी पाहिले होते. पण पाण्याची पातळी कुणी सांगितली नव्हती. फोनकडे जाताना त्या बाकापाशी थबकल्या. बाकाच्या रेक्झिनवर, त्या माणसाच्या शेजारच्या जागी, कुणी बसल्यावर पडतो तसा खळगा होता. आधी कुणी बसलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तरी जाताना त्या अंग चोरून, कुणाचे गुडघे चुकवावेत तशा गेल्या.

थिएटरला कळवून त्यांनी ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला फोन लावला. तो अजून वळणावरच होता. “सगळी माणसं निघाली, सिस्टर. कंडक्टरनेच सांगितलं.”

“तिथे पाणी कुठे आहे?”

“रस्त्याखालून ओढ्याचा पाइप गेलाय. पण तो बसपासून लांब आहे.”

“आत वाकून बघ. बाई आहे का ते.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“एका पेशंटने. जा लवकर.”

तासाभरात ती आली. हिरवा स्वेटर, एक पाय उघडा, मांडीचं हाड मोडलेलं, ओठ निळे. सिस्टरनी नाव विचारलं, तर नुसते ओठ हलले. मग घाबरायला सवड उरली नाही. श्वास बघितला, पाय बांधला, ओले कपडे कापून काढले, उबदार ब्लँकेटं गुंडाळली.

दोघंही वाचली. आठव्या दिवशी सिस्टर आधी त्या माणसाकडे गेल्या. बस उलटल्यानंतरचं त्याला काही आठवत नव्हतं. हिरव्या स्वेटरवाली कुणी त्याच्या ओळखीची नव्हती.

बाईही त्याला ओळखत नव्हती. ती मागच्या दाराशी बसली होती. “पडले कधी, वाहत गेले कधी, काही कळलं नाही,” ती म्हणाली. मग चादरीशी चाळा करत राहिली. “पण मधे मी कुठेतरी बाकावर बसले होते. लख्ख उजेड होता. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. एक सिस्टर तेवढ्या मला वाट देऊन गेल्या.”

सिस्टरनी तिची उशी सारखी केली आणि वॉर्डाबाहेर येऊन त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

हे त्यांनी डॉक्टरीणबाईंना कधी सांगितलं नाही. त्यानंतर मात्र नाव विचारून झालं की त्या लगेच विचारायच्या, “सोबत कोण होतं?” उत्तर बरळल्यासारखं वाटलं तरी ड्रायव्हरला फोन जायचाच. तीनदा शोधाशोध फुकट गेली आणि ड्रायव्हर चांगलाच वैतागला. सिस्टरनी त्याचं निमूट ऐकून घेतलं, आणि चौथ्यांदाही फोन लावला.